पेटीतली पानं

थोरली: बाबा, ती फवाऱ्याची बाटली आधी खाली ठेवा.

बाबा: अगं, मीटर बघ ना. आर्द्रता पुन्हा उतरलीय. तुझी आई जाताना बजावून गेली होती, पानं कोरडी पडता कामा नयेत.

थोरली: कोरडी? पेटीच्या काचेवरून थेंब ओघळताहेत. आणि हा वास कसला?

बाबा: मातीचा असेल.

थोरली: कुजल्याचा आहे. सरका, बघू दे. हे पान देठापाशी काळं पडलंय. हेही. बाबा, पाचातली तीन गेली.

बाबा: असं कसं होईल? डोळ्यांत तेल घालून बसलोय मी इथे. दिवसा आकडा उतरला रे उतरला की पाणी मारतो.

थोरली: आणि रात्री?

बाबा: रात्री पेटीतला दिवा बंद केला की आपोआप वर चढतो. मग कुठे माझा डोळा लागतो.

थोरली: तिथेच तर घोळ झालाय. दिव्याने पेटी तापली की हवेत जास्त पाणी मावतं, म्हणून आकडा उतरतो. आतलं पाणी कुठे पळून जात नाही. तुम्ही वर आणखी ओतता. दिवा विझला, पेटी गार पडली, की ते सगळं पानांवर येऊन बसतं.

बाबा: म्हणजे मी रोज त्यांना बुडवत होतो.

थोरली: मागचा छोटा पंखा चालू असता, तर हवा खेळती राहून थोडं तरी निभावलं असतं. तो का बंद आहे?

बाबा: घरघर करतो. फोन वाजलेला ऐकू येत नाही.

थोरली: मग फोन खिशात ठेवायचा.

बाबा: खिशात असला की उगीचच वाजल्यासारखा वाटतो. सारखा काढून बघतो. हस तू. तुझी आई तिकडे इस्पितळात, तिच्या ताईंच्या उशाशी. कधी कसला फोन येईल, माझा जीव थाऱ्यावर नाही.

थोरली: हसत नाहीये मी.

बाबा: तुझ्या या मावशीच्या आजारपणात तिची बेगोनियाची कुंडी वाळून गेली. ही एवढीच पानं तुझ्या आईने वाचवून आणली होती, मुळं धरतील म्हणून. आता तिला काय तोंड दाखवू? आज तिने विचारलं, तर छान आहेत म्हणणार मी. तूही तेच सांग.

थोरली: मी नाही सांगणार.

बाबा: अगं, या वेळेला तिला हे ऐकवायचं? माणुसकी आहे की नाही काही?

थोरली: घरी आल्यावर पेटी उघडून बघणारच ना ती? घ्या, वाजतोय. स्पीकरवर टाका.

आई: हॅलो, जेवलात का?

बाबा: हो. म्हणजे, बसतोच आता. ताई कशा आहेत?

आई: आहे तशीच. पानं काय म्हणताहेत? ताई परवा विचारत होती.

बाबा: पानं ना? पानं...

(थोरली बापाकडे न बघता पेटीची काच पुसत राहते.)

बाबा: तीन कुजली. मीच पाणी जास्त मारलं. दोन आहेत, पण त्यांचंही काही खरं नाही.

थोरली: आई, पंखा चालू करतेय मी आता.

आई: बरं झालं खरं सांगितलंत. इथे सकाळपासून जो तो मला ‘बघू, बघू’ म्हणतोय. आणि मी तुम्हाला ‘आहे तशीच’ सांगतेय. तशी नाहीये. आज ताईने मला ओळखलं नाही.

बाबा: अगं, मग मघाशीच का नाही बोललीस?

आई: तुम्ही हाय खाल म्हणून. ती पेटी थोरलीकडे सोपवा आणि या तुम्ही. मला इथे एकटीला बसवत नाही.

थोरली: आई, इकडची काळजी करू नकोस.

आई: अहो, ऐकताय ना?

बाबा: चपला घालतोय.