पाहुण्यांआधीची सफाई

श्रीपाद : हं, आता उघड डोळे! कसं दिसतंय तुझं तळं?

सुचित्रा : अहो… हे काय करून ठेवलंत?

श्रीपाद : सरप्राइज! तू महिनाभर नागपूरला, लेकीच्या बाळंतपणात. म्हटलं, तुझ्या कॉटेजांचं पहिलं बुकिंग आहे, पाहुणे यायच्या आत सगळं चकाचक करू. गवत छाटलं, आंब्यांना गेरू-चुना मारला, काठाच्या दगडांना चुना. पस्तीस वर्षं रेल्वेत काढलीत बाईसाहेब. जीएमच्या इन्स्पेक्शनआधी स्टेशन कसं सजवायचं ते आम्हाला विचारा!

सुचित्रा : आणि पाण्यातलं पाणकणीस?

श्रीपाद : ते जंगल होय? आज सकाळीच उपटून काढलं. डास होतात त्यानं.

सुचित्रा : माझे सारस कुठायत?

श्रीपाद : असतील इथंच. घरट्याला बोटसुद्धा लावू दिलं नाही हं मी! बघ ना, व्हरांड्यातून आता किती स्वच्छ दिसतंय.

सुचित्रा : अहो, तेच तर! उघडं पडलंय ते. जयसिंग, तुम तो यहीं रखवाली पर थे, अंडे दिए थे क्या?

जयसिंग : दो हैं, मैडमजी. सवेरे तक बैठे थे. सफाई शुरू हुई तो उठ गए. अब उधर धान में खड़े हैं दोनों. हम तो साहब से बोले थे.

श्रीपाद : तू फक्त म्हणालास, मैडम से पूछ लीजिए!

जयसिंग : आप सीटी बजा-बजाके काम करा रहे थे, साहब. और क्या बोलते?

सुचित्रा : तीन वर्षं, अहो! नोकरीतून रिटायर झाले ती याच्यासाठी. आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या हातापाया पडले, या पाण्यात कीटकनाशकाचा थेंब येऊ दिला नाही. यंदा पहिल्यांदा जोडी टिकली. आणि ते बघा, कावळे येऊन बसलेसुद्धा.

श्रीपाद : चुकलं माझं. रागाव, हवं तेवढं रागाव. पण आता काय करायचं ते सांग.

सुचित्रा : उपटलेला ढीग कुठंय?

श्रीपाद : कॉटेजमागं. तेलीबागहून ट्रॅक्टरची ट्रॉली येणार आहे उचलायला.

सुचित्रा : ट्रॉली नको म्हणून कळवा. तो सगळा परत पाण्यात, घरट्यापासून थोड्या अंतरावर सोडायचा. पुढचं सारस त्यांचं ते करतील. आणि मग आपण इथून हलायचं, सगळ्यांनी.

श्रीपाद : अगं, पण चार वाजता कानपूरचे लोक येतायत! सारस बघायलाच येतायत ते!

सुचित्रा : आधी ढीग उचला.

(दुपार. तळ्यापासून लांब, आमराईच्या आड.)

श्रीपाद : नुसता उजेड तरंगतोय बघ. पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं लागतं, कळत नाही.

सुचित्रा : हळू बोला. चतुर किती आलेत… तुमच्या चुन्याच्या दगडांवर बसलेत.

श्रीपाद : म्हणजे एक तरी काम बरं झालं म्हणायचं.

सुचित्रा : हसवू नका. माझा राग गेलेला नाही.

श्रीपाद : जाऊ नये. माझी सगळी नोकरी रुळाकडेची झुडपं तोडण्यात गेली, सुचित्रा. मोकळं दिसलं की मला बरं वाटतं. कुणाचा आडोसा मोडतोय, हे डोक्यात आलंच नाही बघ.

सुचित्रा : मला भीती वाटतेय हो. नाही आले तर?

जयसिंग : मैडमजी… मेड़ पर देखिए.

श्रीपाद : अरे! किती सावकाश… बांधावरून झोपेत चालल्यासारखा येतोय नर.

सुचित्रा : ती मागे आहे. थांबली. आता काय झालं?

जयसिंग : कुछ नहीं, देख रही है. अच्छा… उतर गई पानी में.

सुचित्रा : त्यानं चोचीत पाणकणीस उचललं, अहो! घरट्यावर टाकलं… पुन्हा उचललं…

श्रीपाद : ती बसली का? मला धूसर दिसतंय.

सुचित्रा : डोळे पुसा आधी. बसली. अंड्यांवर बसली!

श्रीपाद : देवा रे… थांब, खिशात फोन थरथरतोय. कानपूरचेच आहेत. काय सांगू त्यांना?

सुचित्रा : सांगा, जागा भरली.