तर्री-पोह्यांनी खाल्लेला बगीचा

आमच्या प्रताप नगरात बगीचा काहून नाही झाला, माहीत आहे? त्या मोकळ्या जागेवर आम्हाले बगीचा पाहिजे होता, अन् एका शेठले लग्नाचा लॉन. नगररचनेचे साहेब आमचं म्हणणं ऐकाले आले. नाश्ता शेठकडून, गरमागरम तर्री-पोहे!

साहेबानं विचारलं, "लॉनले कोणाचा विरोध आहे? हात वर करा."

आमच्या एका हातात प्लेट, दुसऱ्यात चमचा, तोंडात पोहे. साहेबाले एकही हात दिसला नाही. "विरोध नाही," म्हणून मोकळे झाले!

मी शेजारच्या काकूंवर चिडलो. "मोर्चाच्या गोष्टी तर तुम्हीच करून राहिल्या होत्या! हात काहून नाही उचलला?"

"उचलला न बाप्पा! साहेबानं पाहाच्या आधी शेठचा माणूस धावला, अन् आणखी तर्री वाढून गेला."