जयाच्या हाताचं माप

न्हाई वाचणार म्हणजे न्हाई वाचणार, जिनेशभाऊ! मंचरहून गाडी काढून आलात, चहा घ्या, पण हा कागद ठेवा खिशात. उद्या घोडेगावच्या शिबिरात वरच्या डोंगरातनं एसटीनं बाया येणार, आन् मी काय वाचून दाखवू? ‘क्षयरोग हा बरा होणारा आजार आहे.’ अवो, हे तर दवाखान्याच्या भिंतीवर लिवलंय! त्याला जहाँआरा कशाला पायजे? तीस वर्षं जुन्नरात बांगड्या भरतेय मी. तुमच्याच संस्थेनं माईक धरायला शिकवलं — चाची, तुमचं बाया ऐकतात. का ऐकतात? मी जयाचं सांगते म्हणून. आन् आता जयाचंच वगळा म्हणता. सासरचे नाराज झाले! मी काय नाव घेते? घाटघरची म्हणते? ‘एक पोर’ म्हणते, बस.

आन् सांगते तरी काय? लग्नात तिला दोन-आठच्या मापाच्या बांगड्या भरल्या. संक्रांतीला आली तर एक माप बारीक, दोन-सहा. चैत्रात दोन-चार — साबण न्हाई, तेल न्हाई, सुळकन गेली. आन् मी म्हणाले, काय गं, हिरोईन व्हायचंय का? इथं बाया हसतात. मग गप व्हतात. आपापल्या मनगटाकडं बघतात. त्या गप झाल्या की मगच तुमच्या तपासणीच्या टेबलापुढं रांग लागती, भाऊ, कागदानं न्हाई लागत.

घाबरतात? घाबरू द्या की! जया घाबरली असती तर आज औषधं खाऊन टुणटुणीत असती. तिला घाबरू दिलं न्हाई. मीच — चैत्रात आली तवा ती पदर तोंडाला लावून खोकत व्हती. म्हणाली, चाची, जुन्या ढिल्या झाल्यात, सासूच्या ध्यानात यायच्या आत बारीक माप भरा, आन् बोलू नका कुणाला. भरल्या. अशा दाटून बसल्या की कुणाला काय दिसलंच न्हाई. आषाढात गेली. अहेव गेली, हातात माझ्याच बांगड्या, बरोब्बर मापाच्या.

स्टेजवर म्हणते, मला कळलं न्हाई.

कळलं व्हतं, जिनेशभाऊ. हातात हात व्हता तिचा. तापलेला.

बघताय काय असं? उद्या हेबी सांगणार. माईक देऊ नका, नावबी काढा यादीतनं — मी शिबिराच्या दारात टोपली घेऊन बसते. हात तर माझ्याच हातात देतील ना बाया? एकेकीचा धरून सांगीन. सासरच्यांना म्हणावं, या ऐकायला, पुढं बसा.

कागद ऱ्हायला तुमचा. उचला. आन् सरका दारातनं, उजेड अडतोय, गिऱ्हाईक आलंय.

ये गं बाई. बस. दाखव हात.