साहेबांचा हार आणि करंजाचं तेल

नाही, पण मला सांगा, विमानाच्या इंजिनाला विमान लागतंच असं ठरवलं कुणी? म्हणजे लागतं… नंतर लागतं, पण आधी इंजिन चालतंय की नाही ते बघायला नको? किती वर्षं मी हे घसा फोडून सांगतोय, आणि समोरचा सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो, आणि शेवटी विचारतो काय? "ते ठीक आहे हो कृष्णकांतराव, पण विमान कुठंय?"

अहो, नाहीये विमान! पनवेलजवळ विचुंब्याच्या पुढं भातखाचरांच्या कडेला आमची पत्र्याची शेड आहे, त्या शेडमध्ये मोडीत काढलेल्या एका विमानाचं जेट इंजिन होतं, दिल्लीनं दिलेलं, काँक्रीटच्या चौथऱ्याला बोल्टांनी आवळलेलं, दावणीच्या म्हशीसारखं, आणि मी त्या म्हशीला करंजाचं तेल पाजायचो. हा माझा धंदा. एम.टेक. करून! विमानं एरवी चालतात रॉकेलवरच हो, जरा चांगल्या घरातलं रॉकेल, एवढंच. पण आखातात लढाई पेटली, तेलाचे भाव कडाडले, आमच्या मालकांना वाटलं आपल्या मातीतलं इंधन काढावं, आणि मला वाटलं… आता काय लपवायचं तुमच्यापासून, मला वाटलं आपलं नाव होईल.

नाव झालं! नवीन पनवेलात आमच्या सोसायटीत मला 'तेलवाले' म्हणतात. लग्न जमवताना मध्यस्थानं सांगितलं होतं, "मुलगा विमानात आहे." सासरे अजून दर दिवाळीला विचारतात, "काय जावईबापू, विमान कुठंय सध्या?" आणि आमची अरुंधती, म्हणजे आमच्या सौ., मी दारात पाऊल टाकलं की नाकाला पदर लावायची. "आधी आंघोळ, मग संशोधन." करंजाच्या तेलाचा वास म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल तर देवाचे आभार माना.

बरं, हे करंज आणायची कोण? मंगळी. डोंगराकडच्या वाडीवरची. ती आणि वाडीतल्या सगळ्या बाया उन्हाळाभर रानात शेंगा वेचायच्या, फोडायच्या, डोक्यावर बियांची गोणी घेऊन शेडवर यायच्या. एकदा तिनं इंजिनाला चक्कर मारली, वाकून चौथऱ्याखाली बघितलं, मागं जाऊन बघितलं, आणि म्हणाली, "सायेब, ह्ये घरघर करतंय त्ये ठीक हाय, पन इमान कुटं हाय?"

तिला तरी काय सांगायचं? पण त्या दिवशी मी जरा हवेत होतो. म्हटलं, "मंगळे, दिल्लीचे साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर हे यंत्र तुझ्या तेलावर पूर्ण जोरात चाललं ना, की ते आम्हाला खरं विमान देणार. मग दरसाल तुमच्या बिया घेऊ. वीटभट्टीवर जायला नको पोरंबाळं घेऊन." ती म्हणाली, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की." काय गरज होती हो? पण म्हणालो.

आता एक सांगतो, माणूस मी गबाळा, पण एका नियमाला कडक. जेट इंजिन पुढून हवा ओढतं, आणि ओढताना ते हवा कुठली आणि तुमची टोपी कुठली हे बघत बसत नाही. म्हणून मी स्वतःच्या हातानं पाटी रंगवलेली, 'इंजिनाच्या तोंडासमोर काहीही नेऊ नये.' काहीही म्हणजे काहीही! आमचा मेकॅनिक सुदाम, त्याचा कंगवा काढून घेतला, तंबाखूची पुडी काढून घेतली, आणि एका राखी पौर्णिमेला तर त्याच्या मनगटावरची राखी कापायला लावली. त्याची बहीण अजून माझ्याशी बोलत नाही. असा मी कडक!

तर समिती आली. दोन गाड्या भरून. न्हावा शेव्याच्या कंटेनरांच्या रांगेत अडकून उशीर झालेला, घामाघूम, वैतागलेली. अध्यक्षसाहेब उतरले, शेडमध्ये आले, चष्मा पुसला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि विचारलं काय असेल? "भई, हवाई जहाज़ कहाँ है?"

दिल्लीहून! विमानानं आलेला माणूस!

मी हसलो. आपण हसतोच. मग स्वागत. पनवेलच्या बाजारातून मी स्वतः निवडून हार आणलेला, झेंडूचा, मनगटाएवढा जाड, सुतळीत ओवून घेतलेला, म्हटलं साहेबांच्या गळ्यात तुटायला नको. घातला. टाळ्या. आणि मोठी माणसं हार गळ्यात ठेवतात का कधी? नाही! घातला की काढायचा, आणि शेजारच्या पोराच्या नाहीतर तसबिरीच्या गळ्यात घालून मोठेपणा दाखवायचा. साहेबांनी हार काढला, शेडमध्ये पोर नाही, तसबीर नाही… साहेब वळले, दोन पावलं पुढं गेले, आणि त्यांनी तो हार थेट इंजिनाच्या तोंडावर अडकवला! "इसका असली हक़दार तो ये है!"

काय टाळ्या! फोटो निघाला. सगळ्यात जोरात टाळ्या कुणाच्या? माझ्या.

आणि तोंडावरची लोखंडी जाळी? ती असती तर काही प्रश्न नव्हता. पण साहेबांना आतली पाती नीट दिसावीत म्हणून ती मीच सकाळी काढून ठेवलेली. म्हणजे बघा, गाढवपणाचीसुद्धा पूर्वतयारी लागते.

सगळे काचेमागच्या खोलीत आले. सुदाम माझ्या कानाशी लागला, "सायेब, हार काडू का?" मी साहेबांकडे बघितलं. साहेब काचेतून स्वतःच्या हाराकडे बघत होते, अगदी मुंजीतल्या बटूकडे बघावं तसे. आता तुम्हीच सांगा, त्यांच्यादेखत, त्यांच्या हातानं घातलेला हार, मी… म्हटलं, "राहू दे रे."

सुदाम माझ्याकडे बघतच राहिला. राखीवाला सुदाम!

इंजिन सुरू केलं. आधी रॉकेलवर. हार नुसता थरथरला. मग हळूहळू करंजाचं तेल सोडलं, आणि तुम्हाला सांगतो, काय चाललं हो! ना धूर, ना खोकला, एका सुरात, जसं काही जन्मभर तेच पीत आलंय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. इतक्या वर्षांत इतकं गोड ते कधी चाललं नव्हतं. मनात म्हटलं, मंगळे, जिंकलो आपण.

साहेब म्हणाले, "और बढ़ाइए."

मी हाराकडे बघितलं. हार आता लोंबत नव्हता, तोंडाच्या दिशेनं आडवा झाला होता. हात आखडता घ्यायचा की नाही? म्हणायचं की नाही, 'सर, एक मिनिट'? तोंड उघडलं मी, खोटं नाही सांगत, उघडलं… आणि म्हणालो काय? "येस सर."

गडप! मग असा धडाका झाला की खाचरातले बगळे उडाले. त्या दिवशी शेडवर उडालं ते तेवढंच. मागच्या बाजूनं झेंडूच्या पाकळ्यांचा भस्सकन फवारा, समितीच्या दोन्ही गाड्यांवर पुष्पवृष्टी, आणि इंजिन गप्प.

चहा आला. साहेबांनी बिस्किट बुडवलं, वर न बघता विचारलं, "फ्यूल में कुछ गड़बड़ थी?" सगळी समिती माझ्याकडे बघायला लागली. इंजिनाच्या तोंडात सुतळीचं टोक अजून लोंबतंय बरं का! समितीतल्या एका तज्ज्ञांनी आत हात घालून पिवळा लगदा बाहेर काढला, बोटांत चोळला, हुंगला, आणि म्हणाले, "वेजिटेबल ऑइल है सर. वेजिटेबल रेसिड्यू तो निकलेगा ही."

आणि मी? मी मान हलवली. उभी! बिचाऱ्या तेलानं जन्मात एकदा सोन्यासारखं काम केलं, आणि मी त्याच्या तोंडावर त्याला चोर ठरवलं. लाज वाटली हो. पण मान थांबेना.

प्रकल्प बंद. इंजिन खोक्यात घालून दिल्लीला गेलं. मी रिकाम्या चौथऱ्यावर बसलोय, तर समोरून मंगळी, डोक्यावर गोणी. गोणी उतरवली, चौथरा बघितला. तिनंसुद्धा या वेळी विमान कुठंय ते विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "आमच्या तेलान बिघाडलं म्हनतात. खरं का सायेब?"

निदान तिच्याशी तरी खोटं बोलवेना. म्हटलं, "नाही गं. तेल उत्तम होतं. हार गेला इंजिनात."

"हार? मंग कुनी काडला नाय?"

"साहेबांनी घातलेला होता."

मला वाटलं, आता ही शिव्या देणार. द्यायलाच हव्या होत्या. तिच्या सबंध वाडीला मी परत भट्टीवर पाठवत होतो. पण तिनं गोणी पुन्हा डोक्यावर घेतली, आणि अगदी समजुतीनं म्हणाली, "हां… सायबानं घातलेला! मंग कसा काडाल वो तुमी?"

बघा! दिल्लीपासून डोंगरातल्या वाडीपर्यंत या एका मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत. मग मला सांगा, इंजिनानं तरी बिचाऱ्यानं काय करायचं? गिळला त्यानं मुकाट्यानं.