चकचकीत बोल्ट

आज ना उद्या तुमच्या कानावर येणारच, तर मीच सांगून टाकतो. कॉलेजात मी धातुशास्त्र शिकवतो हे तुम्हाला माहीत आहेच. माझी सासुरवाडी दर्यापूरजवळ. परवा पेरणीच्या तोंडावर तिकडे गेलो, तर मेव्हणा श्याम रोटाव्हेटरची पाती बसवत होता. बोल्ट पार गंजलेले.

"थांब," मी म्हटलं, "हे फार मजबूत पोलादाचे आहेत, फेकू नको."

न्हाणीघर धुवायच्या ॲसिडमध्ये ते रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी नव्यासारखे चकाकत होते. पाना घेऊन मीच ते आवळले. सासूबाईंनी तर शेजारणीला बोलावून जावयाचं काम दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर वावरात उतरायच्या आधीच टक, टक करत बोल्टांची डोकी तुटून पडली.

मला चक्क आनंद झाला. आजवर फळ्यावर काढलेलं डोळ्यांसमोर घडत होतं! "श्याम, ॲसिडमुळे पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. आवळल्यावर लगेच नाही, काही तासांनी तडकतं. जितकं कडक पोलाद, तितका धोका जास्त. साधे बोल्ट असते तर टिकले असते."

श्यामनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे भाऊजी, तुमाले हे पयलेपासूनच मालूम होतं?"

"अरे, दरवर्षी शिकवतो मी!"

त्यानं माझ्या बायकोला हाक मारली. "ताई, भाऊजीले चा दे. अन् त्याईच्या हातातला पाना घेऊन घे."