बहिऱ्या मुकुंदाला कळलेली गोष्ट

मंडळी, नीट बसा. मागच्या बायकांनो, पुढे सरका, जागा आहे. आज एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवते — ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासमोर त्याच्याविषयी वेडंवाकडं बोललं, तर ते पाप लागतं का? बोला की! गप्प का? एखाद्याच्या मनात आलंही असेल, 'त्याला कुठं कळतंय!' बरं. मग ऐका, मुकुंदा तांबटाची गोष्ट सांगते.

नदीकाठचं गाव, गावात तांबट आळी. मी परकरात होते तेव्हापासूनची मला आठवते. सकाळ झाली की ठण् ठण् ठण्! हंडे, घागरी, बंब — दिवसभर तांब्यावर हातोडे! मांडीला मांडी लावून बसलेल्याचा शब्द कळायचा नाही. मग आळीनं काय केलं? आवाज टाकूनच दिला! ओठांकडे बघायचं आणि समजायचं. समोरच्या ओटीवरून वहिनी नुसते ओठ हलवणार, 'मीठ आहे का?' इकडून जाऊबाई मान डोलावणार. अहो, भांडणंसुद्धा बिनआवाजी! हसता काय? तुमच्या घरी अशी झाली, तर शेजारी पेढे वाटतील!

त्या आळीतला हा मुकुंदा. बायको तापानं गेली, पदरात चार वर्षांचा श्रीधर. दुसरं लग्न केलं नाही. पोराला घेऊनच कामाला बसायचा. आणि रोज सकाळी काय करायचा? तेलात भिजवलेले कापसाचे बोळे पोराच्या कानात घालायचा. शेजारचा बापू म्हणाला, "अरे, एखादा बोळा स्वतःच्याही कानात घाल की!"

"मला कसं चालेल? पत्रा पातळ झाला की आवाज बदलतो. तो ऐकला नाही, तर हंडा फाटेल."

हंडा कधी फाटला नाही, मंडळी. कान गेले!

पोरगा सात वर्षांचा झाला, तसा त्याला शिकायला मावशीकडे धाडला. पोर शिकलं, कचेरीत लागलं, शहरात दोन खोल्यांचं घर झालं. पण आळी लहानपणीच सुटली ना — ओठ वाचायची विद्या त्याला आलीच नाही. बाप आपलं बोलणं समजतो, हेही त्याला ठाऊक नाही! त्याच्या लेखी एकच — कान गेले, सगळं गेलं.

श्रीधरला मुलगी झाली, उमा, आणि त्यानं बापाला आणलं. सून नोकरीवर, म्हणून नातीला न्हाऊ घालणं, भरवणं, शाळेत सोडणं — सगळं आजोबांकडे. हातोडा धरून हाताला घट्टे पडलेले, पण वेणी अशी घालायचा की पोरीचा एक केस ओढला जायचा नाही! त्या मांडीवरच उमा ओठांची भाषा शिकली. आजोबांशी ती कधी आवाज काढून बोललीच नाही.

आणि श्रीधर? तो पाटी घ्यायचा. संध्याकाळी कचेरीतून आला की बापाला चिकटून बसायचा आणि लिहायचा — 'जेवलात का?' 'गुडघा कसा आहे?' उमा म्हणायची, "आजोबा, तुम्हाला सगळं समजतं, मग बाबांना सांगत का नाही?"

"नको गं. सांगितलं की तो लांबूनच बोलेल. पाटीसाठी तरी जवळ बसतो."

बस! एवढंच हवं होतं म्हाताऱ्याला. लेकाचा खांदा आपल्या खांद्याला लागावा. म्हणून बाप घरी असला की उमाही आजोबांशी पाटीवरच बोलायची.

उमा दहावीत गेली. एका रविवारी सुनेचा भाऊ जेवायला आला. म्हणाला, "दाजी, पोरीला अभ्यासाला जागा कुठं आहे इथं?" उमा शिकवणीला गेलेली. समोर मुकुंदा जेवतोय. श्रीधरनं बापाच्या ताटात भात वाढला, बापाकडे बघून हसला, आणि हसत हसत मेहुण्याला म्हणाला —

"आता यांना आळीतच नेऊन ठेवायचं. इथं नुसती जागा अडवून बसलेत. अजून किती वर्षं ओढायचं हे, देव जाणे!"

मुकुंदानं वर बघितलं. मग खाली मान घालून भात संपवला. सगळा! पानात एक शीत टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणतो कसा, "श्रीधर, मला आळीत सोड. हात शिवशिवतात."

उमा रडली. सून म्हणाली, "राहा हो मामंजी." आणि श्रीधरला केवढं हलकं वाटलं! बायकोला म्हणाला, "बघ, त्यांनाच जायचं होतं!"

सहा महिन्यांत मुकुंदा गेला. लेकाला निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेराव्याला जेवणं झाली आणि आळीत पुन्हा हातोडे सुरू झाले. श्रीधर ओटीवर उभा. बघतो तर उमा समोरच्या म्हाताऱ्या बापूशी बोलतेय — आवाज नाही, नुसते ओठ! बापूही तसाच उत्तर देतोय.

"हे तुला कुठून येतं गं?"

"आजोबांनी शिकवलं. या आळीत सगळ्यांनाच येतं, बाबा."

"म्हणजे... त्यांना आपलं बोलणं..."

"सगळं कळायचं. तोंड दिसलं की पुरे."

श्रीधरला आठवलं — तो रविवार, ते ताट... आपलं तोंड तर बापाच्या अगदी समोर होतं! तसाच ओटीवरून उतरला, आळी ओलांडली, बापूचे दोन्ही हात धरले.

"काका, खरं सांगा. इथं आल्यावर बाबा माझ्याविषयी काय म्हणाले?"

बापूनं हातोडा बाजूला ठेवला.

"आला त्याच दिवशी मी विचारलं, का आलास रे? म्हणाला, पोराचं घर लहान आहे. आणि म्हणाला — जा म्हणतानासुद्धा पोरगा माझ्याकडे बघून हसत होता, बापू. कठोर बोलणं त्याला जमतच नाही."

मंडळी, आपण का हसलो होतो, ते श्रीधरला ठाऊक होतं. संशय येऊ नये म्हणून! आणि बापानं त्या हसण्याचं काय केलं? तेवढंच उचललं, माया म्हणून जपलं, आणि सहा महिने त्याच्यावर काढले.

श्रीधरला क्षमा मागायची होती. पण ती द्यायला समोर कोण होतं?

पाप लागतं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही. एवढंच बघा — घरी ओट्यावर, नाहीतर खाटेवर, कुणीतरी बसलंय. तुम्ही म्हणता, त्यांना ऐकू येत नाही, त्यांना आठवत नाही, त्यांना समजत नाही. कशावरून, बाई? कशावरून, दादा? विचारलंत कधी? आज कीर्तनाला येताना त्यांच्यासमोर काय बोलून आलात, ते जरा आठवा — आणि मगच प्रसादाला हात पुढे करा.