हुदहुदचे केस

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमच्या मिरजगावच्या मास्तरांना मेहुण्याने परदेशातून लांबलचक झूम लेन्स आणून दिली. मग काय, बांधावर पालथे पडून पडून मास्तरांनी एकदाचा डोक्यावर तुरा फुलवलेला हुदहुद पक्षी टिपला! फोटो पुण्याच्या प्रदर्शनात पाठवायचा, म्हणून नगरच्या स्टुडिओत दिला. "मोठा करा आणि जरा सुधारा," म्हणाले. तिथले काका लग्नाच्या मुलींचे फोटो सुधारण्यात पटाईत.

फोटो हातात पडताच मास्तर ओरडले, "अहो, तुरा कुठाय?"

"केस लई पिंजारले हुते," काका म्हणाले. "ब्रशनं बसवून टाकले. बघा, कसा सोज्वळ दिसतोय!"

निगेटिव्ह शाबूत होती, म्हणून प्रदर्शनासाठी दुसरी प्रत निघाली. पहिली मास्तरीणबाईंनी भिंतीवर लावली. मास्तरांच्या डोक्याकडे बघत म्हणाल्या, "या घरात एकाचे तरी केस नीट असू देत."